खिरापतीचा बंद डबा

ज्या वर्षी आमच्या पीयूषचे जावळ उतईला माझ्या मेव्हणीच्या अंगणात काढले, ते २०२४ साल. पीयूष माझा नातू. त्याचा बाप, माझा मुलगा मोहित, हैदराबादला नोकरीला आहे. त्या पंगतीत माझी बायको भागाबाई स्वतःच्या हाताने पोटभर जेवली. ते शेवटचे. आम्ही भिलाईत कोहक्याला घरी आलो आणि चौथ्या दिवशी तिला लकव्याचा दुसरा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले, माणसांची ओळखही बरीचशी गेली.

दवाखान्यात तिच्या नाकातून पोटात नळी घातली होती. ती डाव्या हाताने नळी ओढून काढायची, म्हणून तो हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधला. अकरा दिवस बांधलेला होता. मनगटावर काळा वळ पडला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तोंडाने जेवतात तोवर बरे, वजन अडतीस किलोच्या खाली गेले तर पुन्हा नळी. तो हात पुन्हा बांधू द्यायचा नाही, एवढे मी ठरवले. पुढे जे काही केले ते त्यासाठी.

पण ती तोंड उघडेना. चमचा ओठाला लावला की दात घट्ट मिटायची.

मी रेल्वेत कीमॅन होतो. रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रुळाला धरून ठेवणारी चावी ढिली असली तर ठोकून बसवायची, हे कीमॅनचे काम. दुर्ग लाईनवर अठरा वर्षे मी रोज सहा किलोमीटर चाललो. आता माझी हद्द पलंगापासून मोरीपर्यंत, अकरा पावले. भाजी आणायची तर शेजारच्या बेबीताईंना बसवून जायचे आणि धावत परत यायचे. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा रेल्वेचा नियम. ड्युटीवर असताना आठ तासांनी कोणीतरी येत होते तरी.

एप्रिलमध्ये एका दुपारी घरातली शांतता सहन होईना म्हणून टीव्ही लावला. आमच्याकडे मोहितचा कॉलेजातला जुना कम्प्युटर आहे. २०१३ साली हैदराबादला जाताना त्याने घरातले सगळे फोटो आणि शूटिंग त्यात भरले आणि ते टीव्हीवर दिसेल अशी सोय केली. तो त्याला सर्व्हर म्हणतो. "बाबा, आता सीडी शोधाचं कामच नाई, नाव पाहा आन लावा," असे सांगून गेला. नावे इंग्रजीत होती. मराठी अक्षरे मला भागाबाईने शिकवली, मी एक्केचाळीस वर्षांचा असताना. तोवर पगाराला अंगठाच लावत होतो. इंग्रजी अक्षरे मालगाडीच्या डब्यांवर पाहून पाहून ओळखीची झाली. तेवढ्यावर भागत होते.

त्या दिवशी हाताला लागले २००९ च्या कोजागिरीचे शूटिंग. आमच्या घरी भुलाबाई बसवलेली, कोहक्यातल्या आपल्या मराठी बाया जमलेल्या. गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकलेला डबा हलवते, बाकीच्या आवाजावरून आत काय आहे ते सांगतात. बरोबर नाव येईपर्यंत झाकण निघत नाही. टीव्हीवर भागाबाई डबा हलवत होती. पन्नाशी ओलांडलेली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर खोडी.

"करंजी?" कोणीतरी विचारले.

"नाई!" टीव्हीतली भागाबाई म्हणाली.

आणि पलंगावरच्या भागाबाईनेही तोंड उघडले. आवाज निघाला नाही, पण तोंड चांगले उघडले. माझ्या हातात भाताच्या पेजेची वाटी होती. मी चमचा आत घातला. तिने पेज गिळली.

"अनारसा?"

"नाई!"

पुन्हा चमचा. असे सात चमचे गेले आणि चित्र थांबले. टीव्हीच्या मधोमध गोल चकरी फिरायला लागली. भागाबाई त्या चकरीकडे पाहत राहिली आणि तोंड मिटले. पुन्हा चालू झाले तेव्हा तिचा धागा तुटलेला होता.

तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ हेच. शूटिंग लावायचे, वाटी घेऊन बसायचे आणि चकरी येण्याआधी जितके चमचे जातील तितके घालायचे. शेवटपर्यंत ते कधी पोचले नाही. डब्यात त्या वर्षी काय होते ते मला ठाऊक नव्हते, कारण त्या संध्याकाळी मी गस्तीच्या ड्युटीवर होतो. बेबीताई तिथे होत्या, पण त्यांना आठवेना. "चिवडा असन भाऊजी," त्या म्हणाल्या. "कोजागिरीले आनखी काय राहते?"

मे महिन्यात चकरी लवकर यायला लागली. भागाबाईचे वजन एकोणचाळीस झाले. मी मोहितला फोन केला.

"बाबा, ते मशीन बुढं झालं," तो म्हणाला. "नवीन घ्या लागते. मी दिवाळीत येतो तवा बसवून देतो."

"अन दिवाळीलोक तुही माय काय खाईन?"

"बाबा, प्रॅक्टिकल सोचो ना. डॉक्टरनं सांगलंच होतं का नळी..."

"नळीचं नाव काढू नको."

"मंग मी इथून काय करू, तुमीच सांगा!"

त्याचेही चूक नव्हते. घराचे हप्ते, लहान पोर. माझी पेन्शन औषधांत जात होती. आहे त्या मशीनलाच पळवायचे होते.

रूळ तपासताना आम्हाला शिकवले होते की गाडी हळू चालली म्हणजे इंजिनाला दोष द्यायचा नाही, आधी रस्ता पाहायचा. मी चार दिवस वहीत लिहून ठेवले. सकाळी चकरी येते नवव्या "नाई"ला. संध्याकाळी सातव्याला. दुपारी पाचव्याला, कधी चौथ्याला. चारही दिवस तेच. दुपारी रूळही तापून वाढतो, त्यासाठी उन्हाळ्यात वेगळी गस्त असते. मला वाटले, हे दुखणे गर्मीचे आहे.

जुनवानीला शामसुंदरचे दुरुस्तीचे दुकान आहे. तो पन्नाशीचा, मूळचा गोंदियाकडचा. पूर्वी कोहक्यात घरोघरी केबल तोच जोडायचा, म्हणून ओळख. बेबीताईंना बसवून मी गेलो आणि त्याला घेऊनच आलो. वही दाखवली. त्याने वाचली, माझ्याकडे पाहिले.

"काका, हे तुमी लिहिलं?"

"होय."

"माह्याकडं गिऱ्हाईक येते आन सांगते, चालून नाई राहिलं. बस इतकंच. तुमी तं पुरा टाइमटेबल आनला."

मी त्याला मशीन दाखवले. ते कपाटाशेजारी स्टुलावर होते, नेहमीसारखे झाकलेले. शामसुंदर जागीच थांबला.

"हे काय हाय?"

"सर्व्हर."

"सर्व्हर तं हाय. त्याच्या आंगावर काय हाय?"

"खोळ. तुह्या काकूनं शिवली."

भिलाईत कारखान्याची धूळ इतकी की वस्तू उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर बोटाने नाव लिहिता येते. भागाबाईने घरातल्या सगळ्याला खोळी शिवल्या होत्या, मिक्सरला, शिलाई मशीनला, रेडिओला. सर्व्हरची खोळ माझ्या रेल्वेच्या थंडीच्या कोटाची. आत जुन्या चादरीचे अस्तर घालून गोधडीसारखे टाके मारलेले. पुढे बटणापुरती खिडकी. मागे चारही बाजूंनी बंद, वायरीपुरते भोक. पहिला झटका येण्याआधी तिने शिवलेली ती शेवटची वस्तू. मी रोज तिच्यावरची धूळ झटकत होतो.

"बाप्पा!" शामसुंदर म्हणाला. "जून महिना हाय आन मशीनले कोट घातला! काका, तुमी घाला हा कोट आन दुपारी जुनवानीलोक चालून दाखवा. पाहू कितव्या 'नाई'ले बसता तं."

बेबीताई हसायला लागल्या. मला हसू आले नाही. मागच्या जाळीतून मशीनची गरम हवा बाहेर जायची असते, हे त्याने हात लावून दाखवले. हवा कोंडली की मशीन स्वतःला वाचवायला हळू होते. चार दिवस वहीत गर्मी लिहिणारा मी, रोज त्या कोटावर फडके मारत होतो आणि माझ्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या कोणी शिवलेला असता तर आले असते.

त्याने खोळ काढली आणि पलंगाच्या कडेला टाकली. भागाबाईने डाव्या हाताने ती चाचपली, ओढली आणि पोटाशी धरली.

मशीन उघडले तर आत काळ्या धुळीचा थर. शामसुंदरने अंगणात नेऊन ब्रशने ते साफ केले, पंख्यात तेल घातले, आतल्या मुख्य चिपवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. जुनी डिस्क घरघर करत होती. तिच्यावरचा मशीन चालवायचा भाग त्याने एका छोट्या नव्या डिस्कवर घेतला, शूटिंग जुनीवरच राहू दिले. मोठी डिस्क महाग पडली असती. मग त्याने वायफाय बंद करून टीव्हीपर्यंत वायर ओढली.

"भिताडातून हवेनं आनता कावून? दहा पावलं तं हायेत. वायर टाका, झगडा खतम."

शेवटी तो स्क्रीनसमोर बसला आणि शूटिंगच्या फायली एकेक तपासत गेला.

"काका, असली बीमारी सापडली. हे शूटिंग पुराने फॉरमॅटमंदी हाय. तुमच्या टीव्हीले ते समजत नाई. म्हनून मशीन दर वेळी ते चालता चालता बदलून देते. तुमी गोंदियाचा ट्रान्सशिपमेंट शेड पाहिला का?"

पाहिला म्हणजे काय, माझा बाप तिथे हमाल होता. छोट्या लाईनचा डबा यायचा, मोठ्या लाईनचा समोर उभा राहायचा, आणि सगळा माल पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात.

"तेच चालून राहिलं इथं. एकच बोरा, दिवसातून तीनदा, उन्हात, कोट घालून. एकदा उतरवून मोठ्या लाईनवर चढवून ठिवू. मंग रोज उचलाचं कामच नाई."

ते काम त्याने मशीनलाच लावून दिले. अडीच तास लागले. पैसे सांगताना त्याने माझ्या वहीकडे पाहिले आणि नव्या डिस्कपुरतेच घेतले.

संध्याकाळी मी वाटी घेऊन बसलो. बेबीताई थांबल्या होत्या. खोळ भागाबाईच्या मांडीवर होती. सातवे "नाई" गेले. आठवे गेले. मी चकरीची वाट पाहत होतो. अकरावे. वाटी संपत आली तशी बेबीताईंनी उठून पातेल्यातली पेज आणखी वाढली. एकोणीस वेळा टीव्हीतली भागाबाई "नाई" म्हणाली आणि एकोणीस चमचे तिच्या पोटात गेले. एप्रिलपासून एवढे ती कधी जेवली नव्हती.

मग टीव्हीत एक बाई पुढे सरकली. हिरवी साडी, केसात गजरा.

"अगं माय, हे तं मी!" बेबीताई ओरडल्या.

"उकडलेल्या शेंगा?" टीव्हीतल्या बेबीताईंनी विचारले.

"हो!" भागाबाईने झाकण काढले. बाया हसल्या, कोणी म्हणाली, लबाड हाय ही, सगळ्याइले गोडात गुतवलं. भागाबाई शेंगा वाटता वाटता म्हणाली, "चार राहू द्या व. त्याइच्या डब्यात टाका लागते उद्या." मग हात झटकले. "झालं. जा आता आपापल्या घरी."

त्याइच्या म्हणजे माझ्या. मी खूप आठवून पाहिले. त्या चार शेंगा मला आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग लावले. "करंजी?" "नाई!" भागाबाईने तोंड उघडले नाही. "अनारसा?" तोंड मिटलेले. ती खोळीचे टाके बोटाने मोजत बसली. दुपारीही तेच. डबा उघडला होता, आत काय आहे ते कळले होते, आता ओळखायचे काय राहिले? इतकी माणसे ती विसरली, पण खेळ संपला हे विसरली नाही. दोन दिवस तिने पाण्यापलीकडे काही घेतले नाही. मी शामसुंदरला फोनवर रडत काहीबाही बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तेही विसरली. पहिल्याच "नाई"ला तोंड उघडले.

तिच्या चौथ्या चमच्यापर्यंत शामसुंदर स्कूटरवरून येऊन पोचला होता. शेवट येण्याआधीच त्याने घाईने बंद केले. मग त्याने त्याच शूटिंगची दुसरी प्रत केली. तिच्यात एकोणिसावे "नाई" झाले की पुन्हा पहिली "करंजी". डबा उघडतच नाही. मूळ शूटिंगही तिथेच ठेवले, खाली, दुसऱ्या नावाने.

"पाहा बरं काका, गलत नाव दाबाल तं दोन दिवस उपास," तो म्हणाला.

पुढचे सोळा महिने मशीन एकदाही थांबले नाही. भागाबाईचे वजन बेचाळीसपर्यंत गेले. मी मात्र त्या संध्याकाळीत अडकलो. दिवसातून तीन वेळा, दर वेळी पाऊण तास, तीच कोजागिरी. चौथ्या "नाई"नंतर कुकरची शिट्टी. नवव्यानंतर कोणाचे तरी पोर शिंकते. तेराव्याला बेबीताई मागे वळून पाहतात, कोणाकडे ते दिसत नाही. पूर्वी चकरी यायची तेव्हा मीही थांबायचो, उठून पाणी प्यायचो, दारात उभा राहायचो. आता थांबा नव्हता. बाहेर पाऊस, थंडी, पुन्हा ऊन, आणि आत भागाबाई डबा हलवते आहे. झोपेत मी "नाई" म्हणायला लागलो होतो.

एकदा बेबीताईंना वाटी देऊन मी निघालो आणि दुकानाऐवजी रिक्षा करून लाईनीवर गेलो. फाटकाजवळ उभा राहून दोन मालगाड्या पाहिल्या. घरी आलो तर वाटी तशीच. बेबीताई टीव्हीतल्या बायांबरोबर स्वतःही नावे सांगत बसल्या होत्या, भागाबाई गोंधळून गेली होती.

"मले रायवलंच नाई भाऊजी," त्या म्हणाल्या. "मीच तं होती तिथं."

पुन्हा मी गेलो नाही. आणखी एक सांगायचे आहे. मार्चमध्ये एका दुपारी मी चमचा जोराने घातला. "गिळ ना!" असे ओरडलो. तिच्या हिरडीतून रक्त आले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही, टीव्हीकडे पाहत पुढच्या "नाई"ला पुन्हा तोंड उघडले. मी चमचा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन बसलो. टीव्ही चालूच होता. ती तोंड उघडत होती आणि मिटत होती.

२०२५ च्या सप्टेंबरात तिला गिळताना खोकला यायला लागला. "नाई" येत होते, तोंड उघडत होते, पण घास खाली उतरत नव्हता. यात मशीनचा दोष नव्हता आणि मशीन काही करूही शकत नव्हते. वजन सदतीस झाले. डॉक्टरांनी नळीसाठी बुधवार दिला, आठ ऑक्टोबर. कोजागिरी सोमवारी होती.

मोहितला सांगितले. तो म्हणाला, "मी मंगळवारी पोचतो बाबा. बुधवारी सोबत जाऊ."

"ये. पन दवाखान्यात जाचं नाई."

"बाबा..."

"हात बांधतात रे तिचा. तू पाहिला नाई, तू हैदराबादले होता."

 "येतो," तो म्हणाला.

सोमवारी मी बाजारातून ओल्या शेंगा आणवल्या, मीठ घालून उकडल्या आणि त्याच डब्यात भरल्या. तो डबा अजून आहे, पितळेचा, झाकणाला पोचा आलेला. चार दाणे सोलून, बोटाने चिरडून, पेजेच्या निवळीत पातळ केले. संध्याकाळी टीव्ही लावला. नावांच्या यादीत खाली गेलो आणि मूळ शूटिंगचे नाव वाचून, पुन्हा एकदा वाचून, तेच दाबले. मला शेवट पाहायचा होता. तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

वाटी हातात घेतली नाही. एकोणीस वेळा ती "नाई" म्हणाली आणि मी नुसता बसून राहिलो. बेबीताईंनी टीव्हीत विचारले, उकडलेल्या शेंगा? मी मांडीवरच्या डब्याचे झाकण काढले. वास आला. भागाबाईने टीव्हीवरून नजर काढली आणि डब्याकडे पाहिले. मी बोटाला लागले तेवढे तिच्या जिभेवर ठेवले. खोकला आला नाही. ती ते बराच वेळ तोंडात घोळवत होती.

"झालं. जा आता आपापल्या घरी," टीव्हीतली भागाबाई म्हणाली.

मी उठलो आणि सर्व्हर बंद केला. इतके महिने पंख्याचा आवाज घरात होता, तो थांबल्यावर कळले. मशीन थंड होईपर्यंत वाट पाहिली. मग तिच्या मांडीवरची खोळ मागितली. तिने सोडली. ती मी परत मशीनवर चढवली.

मोहित मंगळवारी आला आणि शेवटपर्यंत राहिला. बुधवारी आम्ही दवाखान्यात गेलो नाही. त्यानंतर तिने चमच्याने पाणी घेतले, दुसरे काही नाही. कोहक्याच्या घरी, दोन्ही हात मोकळे असताना, माझी बायको भागाबाई शेषराव हटवार, वय एकोणसत्तर, गुरुवार दिनांक १६ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी साडेसात वाजता वारली.